शून्य घटनांची नोंदवही

खामगाव तालुक्यातील पाळा येथील अनुदानित आदिवासी आश्रमशाळेत अल्पवयीन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार नोव्हेंबर २०१६ मध्ये दाखल झाली आणि राज्यभर संतापाची लाट उसळली. पोलिसांनी अकरा जणांना अटक केली, विशेष तपास पथक नेमले गेले, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस बजावली. पुढे शाळेची मान्यता गेली आणि विद्यार्थ्यांची रवानगी अन्य शाळांत झाली. आरोपींच्या दोषादोषाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. परंतु या प्रकरणातला एक तपशील प्रशासनाने कधी गांभीर्याने वाचला असे दिसत नाही. ही घटना उघडकीस आणली ती ना अधीक्षकाने, ना मुख्याध्यापकाने, ना तपासणीसाठी येणाऱ्या एखाद्या अधिकाऱ्याने. दिवाळीच्या सुटीत घरी गेलेल्या एका मुलीने पोट दुखत असल्याचे घरच्यांना सांगितले आणि त्यातून सारे बाहेर पडले.

पाळा हे गाव बुलढाणा जिल्ह्यात असले तरी तेथील आश्रमशाळेचे प्रशासकीय पालकत्व अकोल्याकडे होते. अकोला, वाशिम आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील आदिवासी आश्रमशाळा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अकोला कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि त्या कार्यालयावर अमरावतीच्या अपर आयुक्तांची देखरेख असते. अकोल्याहून खामगाव जेमतेम पन्नास किलोमीटर. तरीही माहितीचा प्रवास झाला तो मुलीकडून घरी, घरून पोलिसांकडे, पोलिसांकडून वृत्तपत्रांकडे आणि मग कार्यालयाकडे. ज्या यंत्रणेला सर्वात आधी कळायला हवे होते, तिला ते जवळपास सर्वांच्या नंतर कळले. या उलट्या प्रवासाची कारणे केवळ एका शाळेच्या नीतिमत्तेत शोधून चालणार नाही. निराधार मुले, दिव्यांग, वृद्ध अशांना सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये काही गंभीर घडले तर ते कोणी, कोणाला, किती वेळात कळवायचे आणि कळविल्यावर पुढे काय व्हायचे, या साध्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आपल्याकडे अद्याप तयार नाही, हे त्यामागचे मूळ कारण आहे.

वस्तुत: या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयाने जो विचार केला, त्याची सुरुवात वऱ्हाडातूनच झाली होती. अकरा वर्षांच्या एका बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलीवर बलात्कार करून तिचा खून केल्याचा खटला अचलपूरच्या अतिरिक्त सत्र न्यायालयात चालला. फाशीची शिक्षा झाली, नागपूर खंडपीठाने ती कायम केली आणि प्रकरण दिल्लीला गेले. एप्रिल २०१३ मध्ये न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. मदन लोकूर यांच्या पीठाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. विधिवर्तुळात हा निकाल प्रामुख्याने फाशीच्या निकषांसाठी उद्धृत केला जातो. त्याचा दुसरा भाग मात्र तितकाच महत्त्वाचा आणि बराचसा दुर्लक्षित आहे. शाळा, बालगृहे, वसतिगृहे, निरीक्षणगृहे, जेथे जेथे मुले ठेवली जातात तेथील प्रमुखांनी लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती संपूर्ण गुप्तता राखून विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावी, असे न्यायालयाने बजावले. बौद्धिक अपंगत्व असलेली मुले अत्याचाराला अधिक बळी पडतात, म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या संस्थांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांच्यावर हे कर्तव्य टाकले. आणि कळूनही न कळविणे हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे, त्यातून गुन्हेगाराला पाठीशी घातले जाते, असेही स्पष्ट केले. अमरावती जिल्ह्यातील एका मुलीच्या मृत्यूतून निघालेला हा आदेश देशातील प्रत्येक बालगृहाला लागू झाला. त्यानंतर साडेतीन वर्षांनी पाळ्याचे प्रकरण घडले.

कायदा कमी पडला असे म्हणावे तर तसेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमलात आलेल्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे ‘पोक्सो’च्या, कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या किंवा तो घडेल अशी शंका आलेल्या कोणत्याही व्यक्तीवर पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर ही मुदत एका वर्षापर्यंत जाते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षणही आहे. न्यायालयांनीही हे कलम कागदावर राहू दिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या २०१९ मधील प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती दडविल्याचा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्वत:हून दखल घेतली आणि माहिती वेळेत न दिल्याबद्दल शाळेच्या चालकांवर याच कायद्याखाली कारवाई झाली. त्याच महिन्यात राज्य सरकारने शाळांसाठी काढलेल्या निर्णयात अनुचित प्रकार चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविण्याची अट घातली.

परंतु या साऱ्या तरतुदींचा रोख एकाच प्रकारच्या घटनेकडे आहे. लैंगिक अत्याचार हा त्यातला सर्वात भीषण प्रकार खरा. पण निवासी संस्थेत घडणाऱ्या गंभीर घटनांचा तो एक भाग झाला. मूल भाजते, साप चावतो, तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर होतो, एखादा मुलगा भिंत ओलांडून पळून जातो, मतिमंद मुलाला कोंडून ठेवले जाते, चुकीचे औषध दिले जाते, वृद्धाश्रमातील म्हातारीचे मांडीचे हाड मोडते आणि कसे मोडले ते कोणालाच सांगता येत नाही. यातील प्रत्येक घटना गुन्हा असेलच असे नाही. मात्र बाहेरच्या कोणाला तरी ती कळायला हवी, इतकी ती गंभीर असते. कारण आतला माणूस बोलू शकत नाही, आणि बोलला तरी ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच ताटात तो जेवत असतो.

मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालील राज्याचे २०१८ चे नियम काही प्रमाणात हे काम करतात. बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीविना संस्था चालविणे हा गुन्हा आहे. संस्थेतील कर्मचाऱ्याकडून मुलाला क्रूर वागणूक मिळाल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा भेट द्यावी आणि आठवडाभरात अहवाल द्यावा, असे बंधन आहे. आश्रमशाळा मात्र या कायद्याखाली नोंदविल्या जात नाहीत. त्या आदिवासी विकास विभागाच्या. भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळा बहुजन कल्याण विभागाच्या. दिव्यांगांच्या निवासी शाळा २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या. वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे. आणि या सर्वांना चालविणारे न्यास पुन्हा धर्मादाय आयुक्तांकडे. अमरावतीत ही सर्व कार्यालये आहेत. यांपैकी एका कार्यालयात आलेले पत्र दुसऱ्या कार्यालयातील टेबलावर पोहोचेलच याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

वृद्धांच्या बाबतीत तर तेवढेही नाही. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देण्यावर भर देतो. वृद्धाश्रमातील दुर्घटना कोणाला कळवायची यावर तो जवळपास मौन पाळतो. वृद्धाश्रमांच्या नोंदणीची आणि किमान दर्जाची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले. त्यावर कोठे फारशी हळहळ व्यक्त झाल्याचेही आठवत नाही.

मग संस्था का कळवत नाहीत? दुष्टपणामुळे, हे सोपे उत्तर झाले. प्रत्यक्षात बहुतेक संस्थाचालक दुष्ट नसतात; ते घाबरलेले असतात. अनुदान मुलांच्या संख्येवर मिळते आणि तेही वर्ष-वर्ष रखडते. मान्यतेचे नूतनीकरण दरवेळी एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. अशा स्थितीत एखाद्या अधीक्षिकेने प्रामाणिकपणे कळविले, की मुलगी गच्चीवरून पडली, तर पहिले उत्तर येते ते कारणे दाखवा नोटिशीचे. शेजारच्या संस्थेत तशीच मुलगी पडते, स्थानिक डॉक्टरकडे प्लॅस्टर घातले जाते, कोणी काही लिहीत नाही आणि त्या संस्थेच्या तपासणी अहवालावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडतो. म्हणजे खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि गप्प राहणाऱ्याला प्रशस्तिपत्र. दोन-चार वर्षे असे चालले की कोणत्याही शहाण्या माणसाला काय करायचे ते समजते.

यातूनच शून्य घटनांची नोंदवही जन्माला येते. वर्षभर शंभर मुले एका छपराखाली राहतात, खेळतात, भांडतात, आजारी पडतात आणि नोंदवहीत एकही गंभीर घटना नाही! कोणत्याही घरात दोन मुले असली तरी वर्षात एखादा टाका पडतोच. तेव्हा कोरी नोंदवही हे उत्तम व्यवस्थापनाचे लक्षण मानण्याऐवजी चौकशीचे पहिले कारण मानले पाहिजे. आपल्याकडे नेमके उलट घडते. तपासणीला आलेला अधिकारी धान्याचा साठा मोजतो, हजेरीपट पाहतो, शौचालयांची संख्या लिहितो आणि कोऱ्या नोंदवहीवर सही करून निघून जातो.

राज्यातील आश्रमशाळांमध्ये होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१६ मध्येच आला होता. सुमारे पंधरा वर्षांत एक हजाराहून अधिक मुलांचे मृत्यू झाल्याचे वास्तव त्यानिमित्ताने चर्चेत आले. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की अनेक मृत्यूंच्या कारणांची धड नोंदच नव्हती. मृत्यूचा कागद तयार होत होता तो प्रामुख्याने पालकांना सानुग्रह अनुदान देण्यासाठी. रक्कम अदा झाली की फाइल बंद. हे मूल का गेले आणि त्याच कारणाने पुढचे मूल जाणार नाही ना, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता. धारणी आणि चिखलदऱ्याच्या डोंगरात, जेथे पावसाळ्यात रस्ते तुटतात आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रात्र उलटते, तेथे या रकान्याचे मोल मुंबईत बसून कळणे कठीण आहे.

वऱ्हाडात या मौनाला आणखी एक पदर आहे आणि तो आदराचा आहे. हा प्रदेश गाडगेबाबांचा. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस, मतिमंद, मूकबधिर मुलांना आपले नाव दिले, घर दिले. त्यांच्या कार्याला २०२४ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. अशा कामांमुळे येथील समाजमनात सेवाभावी संस्थेविषयी जी श्रद्धा रुजली आहे ती सार्थच आहे. पण या श्रद्धेचा लाभ प्रत्येक फलकाला आपोआप मिळतो, ही अडचण आहे. संस्थेवर प्रश्न विचारणारा माणूस गावाला कृतघ्न वाटतो. दान देणारा हिशेब विचारायला संकोचतो. तपासणी अधिकाऱ्यालाही चहा घेऊन दोन चांगले शब्द लिहून जाणे सोयीचे वाटते. प्रत्येक गृहाला शंकरबाबा लाभत नाहीत आणि नियम करायचे असतात ते जेथे लाभत नाहीत तेथील मुलांसाठी. शिवाय चांगल्या संस्थांचे नुकसानही या मौनानेच अधिक होते. एक प्रकरण फुटले की साऱ्यांकडेच संशयाने पाहिले जाते.

कळविण्याची सक्ती केली म्हणजे सारे सुरळीत होते असा समज मात्र नसावा. इंग्लंडमध्ये ‘केअर क्वालिटी कमिशन’ या नियामक संस्थेकडे मृत्यू, गंभीर इजा, अत्याचाराचा आरोप, पोलिसांपर्यंत गेलेली घटना हे सर्व विनाविलंब कळविणे सेवा पुरविणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे; न कळविणे हा गुन्हा आहे. तरीही ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांचा छळ चालूच राहिला. तो मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने टिपून जगासमोर आणला. अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा जण तुरुंगात गेले. चौकशीत निष्पन्न झाले ते बोलके आहे. पोलिसांकडे तक्रारी गेल्या होत्या, अपघात विभागात रुग्ण वारंवार येत होते, स्थानिक परिषदेकडे सूचना पोहोचल्या होत्या, एका परिचारकाने तर थेट नियामकाला लिहिले होते. माहिती सर्वांकडे होती. मात्र तिचे तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर पडून होते आणि ते एकत्र ठेवून वाचणारा कोणी नव्हता. कळविणाऱ्याइतकीच वाचणाऱ्याचीही जबाबदारी निश्चित करावी लागते, हे त्या देशाला भारी किंमत देऊन कळले.

महाराष्ट्राचा अनुभव याला दुजोरा देतो. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील उपासमारीच्या आणि मृत्यूंच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वत:हून दखल घेतली आणि अशा गृहांच्या पाहणीसाठी समिती नेमली. त्या पाहणीच्या ओघात २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोली येथील गृहातील मुलींवरचे अत्याचार उजेडात आले. बिहारमधील मुझफ्फरपूरचे प्रकरण २०१८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून बाहेर आले. तोवर सरकारी तपासण्या नियमित होत होत्या. कधी वृत्तपत्र, कधी न्यायालय, कधी विद्यापीठातील संशोधक, आणि पाळ्यात दिवाळीची सुटी. यंत्रणेने स्वत: शोधून काढले असे उदाहरण या यादीत नाही.

सक्तीला घेतले जाणारे आक्षेप अगदीच गैर नाहीत. तुटपुंज्या मानधनावर तीस-चाळीस मुले सांभाळणाऱ्या काळजीवाहकावर आणखी एका तक्त्याचा भार कशाला, असे विचारले जाते. खोट्या तक्रारींची भीती दाखविली जाते. त्याहून गंभीर प्रश्न गुप्ततेचा आहे. परतवाडा किंवा खामगावसारख्या गावात पोलीस ठाण्यात सकाळी नोंदलेली गोष्ट दुपारपर्यंत बाजारपेठेत पोहोचते. पीडित मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा असूनही शाळेचे नाव, गाव, जमात, वय असा तपशील छापून ओळख पटविण्याचे काम अनेकदा वृत्तपत्रांनीच केले आहे. तेव्हा माहिती कोणाच्या हाती जाणार आणि कोणाच्या हाती जाणार नाही, हे आधी ठरले पाहिजे, हा आग्रह रास्त आहे. पण तो कळविण्याची पद्धत सुधारण्याच्या बाजूचा आग्रह आहे. न कळविण्याच्या बाजूचा युक्तिवाद त्यातून निघत नाही.

या दिशेने पाऊल टाकण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बाल न्याय कायद्यातील २०२१ ची दुरुस्ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि बालसंगोपन संस्थांवरील देखरेखीचे बरेचसे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपापल्या जिल्ह्यातील सर्व निवासी संस्थांसाठी, मग त्या कोणत्याही विभागाच्या असोत, गंभीर घटनेची एकच व्याख्या, एकच तक्ता आणि एकच स्वीकारणारा अधिकारी ठरवून द्यावा. कळविणाऱ्या संस्थेला लगेच पोच मिळावी आणि ठरावीक दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते उत्तर नोटिशीने सुरू होऊ नये. वर्षअखेरीस नावे वगळून आकडे प्रसिद्ध व्हावेत. तपासणी समितीने ज्या संस्थेची नोंदवही कोरी आहे तेथे आधी जावे आणि तेथील मुलांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलावे. आश्रमशाळांसाठी हाच आदेश अमरावतीच्या अपर आयुक्तांना स्वतंत्रपणे काढता येईल.

पाळ्याच्या मुलींना निदान दिवाळी होती. सुटीत परतायला गाव होते, पोट दुखते म्हटल्यावर काळजीने विचारणारी घरची माणसे होती. बेवारस, मूकबधिर, मतिमंद मुलांच्या गृहांतून कोणी दिवाळीला गावी जात नाही. वृद्धाश्रमातील बहुतेकांनाही न्यायला कोणी येत नाही. त्यांच्या बाबतीत बाहेरच्या जगाशी जोडणारा कागद हा संस्थेने स्वत: लिहिलेला अहवाल तेवढाच आहे.